पिवळी ओळ

रायापूरच्या बाई चार ब्लाउजपीस टेबलावर ठेवून बसल्या आणि पाच मिनिटांत तेच उचलून परत गेल्या. हुबळीत कमरीपेठेत माझं शिवणाचं दुकान चाळीस वर्षं आहे. इतक्या वर्षांत गिऱ्हाईक भांडून गेलं, उशीर झाला म्हणून तोंडाला येईल ते बोलून गेलं, पण मान खाली घालून कापड परत घेऊन कुणी गेलं नव्हतं.

बायकांची मापं माझी बायको घ्यायची. पडद्याच्या आत ती टेप लावायची, बाहेर मी कापायचो. बाईच्या जातीला परक्या पुरुषानं हात लावायचा नाही, आकडे सुद्धा मोठ्यानं बोलायचे नाहीत, हा आमच्या दुकानाचा नेम होता. ती आकडे लिहून माझ्या हातात द्यायची आणि खाली दोन शब्द लिहायची. "उजवा खांदा उतरलाय, बोलू नका." "गळा मोठा मागेल, देऊ नका, मग सासू परत पाठवते." असं.

गेल्या श्रावणात ती गेली. सकाळी छातीत कळ आली, दुपारी संपलं. त्यानंतर दुकान चाललं ते तिनं लिहून ठेवलेल्या मापांवर. जुन्या बायका यायच्या, म्हणायच्या, "अक्कानं घेतलेलं माप आहे न्हवं अण्णा? त्याच्यावरच शिवा," आणि कापड ठेवून जायच्या. त्यांना माझ्यासमोर उभं राहावं लागत नव्हतं. ती मापं गेली असती तर माझ्याकडं कात्री राहिली असती आणि गिऱ्हाईक राहिलं नसतं.

रायापूरच्या बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. त्यांचं माप साधं नाही. एक मोठं आजारपण होऊन गेलंय, त्यानंतर डाव्या बाजूला आतून काय लावायचं, टक्सची चूण कुठं घ्यायची, अस्तर किती धरायचं, हे माझ्या बायकोनं त्यांच्याजवळ बसून ठरवलेलं. जास्त लिहीत नाही. ती गोष्ट त्या दोघींची. मला कात्री कुठं वळवायची एवढंच कळायचं, आणि माझ्याकडं बघताना बाईंना लाज वाटायची नाही, इतकं ते नीट चाललेलं.

त्या दिवशी मी फोन काढला, त्यांचं नाव टाकलं. काही नाही. दुसरं नाव टाकलं. नाही. फोनमधली सगळी वही उघडली. कोरी. एकही बाई नाही त्यात.

"येन आयितु अण्णा?" बाईंनी विचारलं. काय झालं म्हणून.

मी म्हणालो, "माप दिसत नाही. परत घ्यावं लागंल."

बोलून गेलो आणि माझी जीभ चावली. दुकानात मी एकटा. पडद्याच्या आत कोण जाणार? बाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. "बेड अण्णा, नको, राहू दे. नंतर बघू," म्हणाल्या आणि पिशवीत कापड भरलं. मी त्यांना पायरीपर्यंत पोचवायला सुद्धा उठलो नाही.

आता हे फोनवर माप कसं आलं ते सांगतो. मी चौथी नापास, त्यातही कन्नड शाळा. मराठी लिहायला मला बायकोनं शिकवलं लग्नानंतर. यात चुका असतील त्या माझ्या, तिच्या माथी मारू नका.

तिच्या मापाच्या अकरा वह्या होत्या. एक वही वर घरात, एक दुकानात, पाहिजे ती नेमकी नसायची. आमचा पोरगा बेंगळुरात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एकदा महिनाभर घरी येऊन राहिला तेव्हा त्यानं कॉम्प्युटरचं जुनं एक मशीन आणून कापायच्या टेबलाखाली ठेवलं आणि आईला म्हणाला, "सगळ्या वह्या यात घाल. यात मी एक सर्व्हर बसवतो."

ती म्हणाली, "म्हणजे काय रे?"

"खानावळीतला वाढपी समज. कोठी आत असते. तू फोनवरून मागितलंस की हा आत जाऊन तेवढंच आणून तुझ्यापुढं ठेवतो. वर घरातून मागितलंस तर वर, दुकानातून मागितलंस तर दुकानात."

"आणि त्याला पगार?"

"काही नाही. जगातले लोक मिळून हे करतात. कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. मी पण करतो त्यात, सुट्टीच्या दिवशी."

"म्हणजे तू फुकट राबतोस! बापाच्या वळणावर गेलास की रे," असं म्हणून ती हसली. पण शेजारीपाजारी सांगताना म्हणायची, "माझ्या पोरानं केलंय ते."

वर्षभर बसून तिनं अकरा वह्या त्यात उतरवल्या, एका बोटानं.

त्या वाढप्याला रोज सकाळी कामावर उभं करायचं तर एक ओळ लिहून सांगावं लागायचं. कुठल्या कोठीतून आणायचं, कुठल्या दारात उभं राहायचं. प्रत्येक सांगण्याला एक बारीक आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर. कोठी सांगायला डी. पोरगा म्हणाला होता, मशीन चालू केलं की आपोआप होईल असं करून देतो. ती नको म्हणाली. शटर मी वर करते, देवाजवळ दिवा मी लावते, हे पण मीच उभं करीन. तिनं ती ओळ बकरमच्या तुकड्यावर लिहून मशीनला टाचून ठेवली. बकरम म्हणजे कॉलरच्या आत घालतात ते ताठ कापड.

ती गेल्यावर तेराव्यानंतर मी खाली येऊन त्या तुकड्यासमोर बसलो. मला इंग्रजी येत नाही, पण मी शिंपी आहे, आकार बघून नक्कल करायचं मला येतं. काठी आणि तिच्या डाव्या अंगाला पोट, तो डी. बटणांवरची अक्षरं वेगळी, म्हणून एकेक बटण दाबून पडद्यावर तसला आकार उमटतो काय ते बघायचं. पहिल्या दिवशी अर्धा तास गेला. महिन्यात मला पाच मिनिटं पुरायला लागली. ओळ बरोबर लिहिली की मशीनच्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांच्या वर एक पिवळी ओळ यायची. ती आली की समजायचं, काम सुरू.

ही पिवळी ओळ बायको असतानाच यायला लागली होती. मी तिला विचारलं होतं, "हे पिवळं काय?"

"काही नाही ओ," ती म्हणाली, "काम लागलं म्हणून सांगतंय."

मी म्हणालो, "मग हळद लागली म्हण की."

ती हसली. त्यानंतर मी रोज विचारायचो, हळद लागली काय, आणि ती म्हणायची, लागली. ती गेल्यावर मी स्वतःशीच म्हणायचो. पिवळी ओळ आली नाही तर कुठंतरी आकार चुकला असं धरून परत लिहायचो.

बाई येऊन गेल्या त्या सकाळी पिवळी ओळ आली नव्हती. मी तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा नुसती पांढरी अक्षरं. फोनवर पान उघडत होतं, म्हणून म्हणालो, असू दे, आज पिवळं नाही.

बाई गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि पोराला फोन लावला. ऑफिसात होता.

म्हणालो, "आईची मापं गेली."

"कुठं गेली? म्हणजे काय झालं?"

"वही कोरी आहे. एक नाव नाही. सकाळी ओळ लिहिली, पिवळं आलं नाही."

तो उठून बाहेर आला असावा, मागचा गोंगाट कमी झाला. मग हळू म्हणाला, "अप्पा, ते तुम्ही सुरू करता? रोज?"

"मग कोण, तुझी आई येऊन करते?"

"तसं नव्हे. मला वाटलं..."

"दर रविवारी सांगतो न्हवं तुला, दुकान चालू आहे म्हणून?"

"सांगता. मला वाटलं तुम्ही नुसतं जाऊन बसता. मन रमवायला."

श्रावणापासून किती ब्लाउज शिवले याचा हिशोब मी ठेवलेला नाही, पण मन रमवायला शिवले नव्हते.

मग त्यानं मला समजावलं. मापं गेलेली नाहीत, जागच्या जागी आहेत. गडबड अक्षरात आहे. त्या कामाचे तीन प्रोग्राम आहेत. एक वाढतो, एक कोठीची नक्कल करून ठेवतो, एक ती नक्कल परत भरतो. तीन वेगळ्या माणसांनी तीन वेळेला केलेले. एकात डी म्हणजे कोठी, दुसऱ्यात डी म्हणजे मागं बसून काम कर, तिसऱ्यात कोठीला पी. लोक गोंधळायचे, चुकीच्या कोठीवर नक्कल पडायची. म्हणून सगळ्यांनी ठरवून तिन्हींत एकच रीत केली. डी म्हणजे मागं बसणं, सगळीकडं. कोठी सांगायची तर आता पूर्ण शब्द लिहायचा. मशीननं रात्रीत स्वतःहून नवीन प्रोग्राम घेतला होता, ती सोय त्यानंच करून ठेवलेली. सकाळी मी जुनी ओळ लिहिली. वाढप्यानं डी ऐकला आणि मागं जाऊन बसला. कोठीचं नाव त्यानं कानावरच घेतलं नाही, स्वतःची एक नवीन रिकामी कोठी उघडली.

"त्यानं थांबायला पाहिजे होतं," पोरगा म्हणाला. "कळलं नाही तर तसं सांगायला पाहिजे होतं. ते आमचं चुकलं."

त्यानं नवीन शब्द, डेटा, एकेक आकार सांगून माझ्याकडून लिहून घेतला. काठी, डावं पोट. अंडं आणि शेपूट. उभी काठी, वरून आडवी. परत अंडं आणि शेपूट. फोन उघडला तर सगळ्या बायका परत आल्या. रायापूरच्या बाईंचं पान आलं, खाली बायकोचे दोन शब्द. मी वाचले नाहीत त्या वेळी. डोळ्यांना दिसलं नसतं.

रीत एकसारखी करायला माझं काही म्हणणं नाही, हे इथं लिहून ठेवतो. आमच्या दुकानात पण हे झालंय. पूर्वी आमच्याकडं एक कारागीर होता. खडूची फुली मी मारली तर तिचा अर्थ इथं कापा. कारागिराची फुली म्हणजे इथं शिवण. बायकोची फुली म्हणजे इथं हात लावू नका. एका नवरीच्या रेशमी ब्लाउजचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो गोल भाग, मी बायकोच्या फुलीवर कापला. सरळ दोन बोटं आत. बायकोनं दुसऱ्या दिवशी आम्हा दोघांना टेबलाशी बसवलं आणि म्हणाली, "आजपासून एका खुणेला एकच अर्थ." मी ओरडलो, बापाकडून शिकलेली खूण मी सोडणार नाही म्हणालो. ती म्हणाली, "सोडू नका. मी नवीन खुणेच्या शेजारी तुमची जुनी पण काढीन. तुमचा हात वळेपर्यंत." आणि वर्षभर तिनं प्रत्येक कापडावर दोन दोन खुणा काढल्या. एक दिवस मीच म्हणालो, बास आता, जुनी नको. तेव्हा थांबवलं तिनं.

पोराला मी फोनवर एवढंच विचारलं, "बदलायचं होतं तर सांगायचं न्हवं?"

तो म्हणाला, "सांगितलं होतं अप्पा. ती पिवळी ओळ तेच सांगत होती. हे अक्षर जुनं झालं, पुढं काढून टाकणार आहोत, नवीन शब्द वापरा."

म्हणजे मी इतके महिने हळद लागली म्हणत होतो ती नोटीस होती.

"तुझ्या आईला माहीत होतं?"

"होतं की. तिनं मला लगेच फोन केला होता पहिल्यांदा आली तेव्हा. मी म्हणालो, तू काळजी करू नको, तुझ्यासाठी जुनं ठेवायला सांगतो मी."

काम लागलं म्हणून सांगतंय, असं ती मला म्हणाली होती. तोंडावर. चाळीस वर्षांत ती माझ्याशी खोटं बोलली की नाही ते आता कुणाला विचारू? म्हाताऱ्याच्या डोक्याला कशाला ताप, असं तिला वाटलं असेल. वाटलं असेल म्हणून राग जात नाही. आई आणि पोरगा दोघांनी मिळून ठरवलं आणि मला हळद दिली.

पोराला माझा आवाज कळला असणार. तो म्हणाला, "अप्पा, लपवून काही केलेलं नाही. सगळी चर्चा उघड्यावर झालेली आहे, कुणीही वाचावी. मी तुम्हाला पाठवतो, कुणाकडून तरी वाचून घ्या."

पाठवलं त्यानं. इंग्रजी.

दुसऱ्या दिवशी मी दुकान बंद ठेवून रायापूरला गेलो. बसमधून उतरून बाईंचं घर शोधायला तीन माणसांना विचारावं लागलं. त्यांनी दार उघडलं, मी उंबऱ्याबाहेरूनच म्हणालो, "माप सापडलं. कापड द्या, शुक्रवारी तयार ठेवतो."

बाई आत गेल्या, पिशवी आणली. मग म्हणाल्या, "असं कसं जाता अण्णा? बसा, चहा करते."

चहा पिताना मी फोन पुढं केला. "शिकलेल्या आहात. हे माझ्या पोरानं पाठवलंय, वाचून सांगता काय?"

बाईंनी चष्मा लावला. वाचून मराठीत सांगायला लागल्या, मधे मधे कन्नड. एकानं म्हटलंय तिन्हीत एकच अक्षर पाहिजे. एकानं म्हटलंय जुनं एकदम काढू नका, लोक अडकतील. मग तुमच्या मुलानं लिहिलंय, माझी आई हुबळीत शिवणाच्या दुकानात हे वापरते, तिच्यासाठी जुनं ठेवा. सगळे हो म्हणाले. एकानं थट्टा केलीय, आईला नमस्कार सांग म्हणून.

"बरं," मी म्हणालो.

"मग परत कुणीतरी विचारलंय, आता जुनं काढलं तर चालेल का." बाई थांबल्या. फोन खाली ठेवला.

"पुढं?"

"तेवढंच आहे अण्णा."

"बाई, तुम्ही पोरांना शिकवलंय. खोटं बोलायला तुम्हाला येत नाही. वाचा की."

त्यांनी फोन परत उचलला. आवाज शाळेतल्यासारखा केला, कोरडा. "तुमच्या मुलानं लिहिलंय, काढा. जुनं अक्षर वापरणारी मला माहीत असलेली एकच व्यक्ती होती, माझी आई. ती आता नाही."

"तारीख आहे?"

होती. बाईंनी सांगितली. मी बोटांवर मोजलं. बायको जाऊन दोन महिने झालेले. त्या दिवसांत तो दर रविवारी फोन करायचा आणि दुकान चालू आहे असं मी सांगायचो. तिच्या अक्षरावर, तिच्या मापावर, रोज सकाळी पाच मिनिटं आकार जुळवून मी ते दुकान चालवत होतो. आणि माझ्या पोटच्या पोरानं जगापुढं लिहून दिलं की तिथं कुणी नाही.

बाई म्हणाल्या, "दुःखात लिहिलं असेल हो त्यानं."

"असेल," मी म्हणालो. "तुमचं कापड घेऊन मी परत पाठवलं न्हवं मंगळवारी? दुःखातच पाठवलं. तुम्हाला लागलं की नाही?"

बाईंनी चष्मा काढून ठेवला. कपबशी उचलून आत नेली.

संध्याकाळी मी पोराला फोन केला. म्हणालो, वाचून घेतलं.

"चुकलं अप्पा."

"चुकते ती कात्री. तू मला हिशोबात धरलंच नाहीस. आई गेली तसा मी पण गेलो, असं लिहिलंस."

"तसं नाही लिहिलं."

"एकच व्यक्ती होती म्हणजे काय रे? मी कोण? टेबलाखालचं मशीन?"

"मला माहीतच नव्हतं तुम्हाला ते येतंय म्हणून!"

"विचारलंस?"

पलीकडं तो रडतोय असं मला वाटलं. मी त्याला रडू दिलं. मग म्हणालो, "जिथं ते लिहिलंस तिथं लिही, चूक लिहिलं होतं. अजून एक माणूस आहे. शिंपी आहे. जिवंत आहे."

"ती चर्चा बंद झाली अप्पा. तिथं आता लिहिता येत नाही."

"मग नवीन उघड."

दोन दिवसांनी त्यानं नवीन उघडली, आणि काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवलं. मी जुनं अक्षर काढायला सांगितलं तेव्हा माझे वडील ते रोज वापरत होते. त्यांना इंग्रजी येत नाही, सूचना त्यांना वाचता आली नाही, आणि मी त्यांना विचारलं नाही. प्रोग्रामला न कळणारा शब्द मिळाला तर त्यानं नवीन कोठी न उघडता थांबावं, हा बदल मी करत आहे. असं होतं ते. मी म्हणालो, शिंपी हा शब्द राहिला. त्यानं घातला.

कुठल्या तरी लांबच्या देशातल्या एका माणसानं खाली लिहिलं की तुमच्या वडिलांना त्रास झाला, आम्हाला माफ करा. पोरगा ते वाचताना खूश वाटला. मला त्या माणसाबद्दल काही वाटलं नाही, त्यानं मला कधी बघितलेलं नव्हतं. त्याचा दोष काय?

बाईंचे चारही ब्लाउज शुक्रवारी दिले. घालून बघितले की नाही मी विचारलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनी बहिणीला पाठवलं, नवीन गिऱ्हाईक, माप नसलेलं. मी तिला म्हणालो, अंगात नीट बसणारं एखादं जुनं ब्लाउज आणून द्या, त्याच्यावरून काढतो. तिनं आणलं. टेबलावर पसरून मोजलं आणि वहीत मीच लिहिलं, पहिल्यांदा. आकड्यांच्या खाली दोन शब्द लिहायला गेलो तर काय लिहावं कळेना. रिकामं सोडलं.

पोराचा फोन आता एक दिवसाआड येतो. किती शिवले, कुणाचे, मशीन नीट उभं राहिलं काय, सगळं विचारतो. मी सांगतो. बापानं पोराला जे सांगायचं ते सगळं सांगतो. पण पूर्वी बोलून झाल्यावर मी विचारायचो, तू कधी येणार रे? ते आता तोंडातून निघत नाही. तो थोडा वेळ थांबतो, वाट बघतो, मग फोन ठेवतो.